पेन्युरी म्हणजे मेहनत

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, १२ जानेवारी २०२५

आदरणीय पप्पा,

सविनय जय भीम.

इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. तुम्ही आणि कस्तुरा आत्या बरे असाल. परतूरकडे थंडी फार आहे असं सनी सांगत होता. आत्याच्या सुनेशी त्याचं फोनवर बोलणं झालं. तुमचा मफलर इथंच खुंटीवर राहिला. मम्मी म्हणाली पार्सल कर. मी म्हटलं, आठ दिवसांत येतीलच ते.

मम्मीचा गुडघा ठीक आहे, पण जिना उतरताना अजून कठड्याला धरते. तुमच्या लेकाला, सनीला, तळवड्याच्या ऑफिसात एकदाची दिवसाची शिफ्ट मिळाली. आता तो संध्याकाळी घरी असतो आणि टीव्हीवरून मम्मीशी भांडतो. वाचनालयातल्या बाईंनी दोनदा विचारलं, भीमराजभाऊ कुठं आहेत, पेपरातलं शब्दकोडं हल्ली कोरंच राहतं. मी सांगितलं, बहिणीकडे गेलेत, हवापालटाला.

तुम्ही मम्मीला काय सांगून गेलात ते मला माहीत नाही. मला काहीच सांगून गेला नाहीत.

फोन करून उपयोग नाही. तीस वर्षं फोर्जिंगच्या, लोखंड ठोकणाऱ्या हॅमरशेजारी उभं राहून तुमचे कान गेले, आणि कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. घरातही काही महत्त्वाचं असलं की आपण वहीवर लिहूनच बोलतो. तेव्हा हेही लिहून.

तुम्ही गेलात त्या सकाळी माझ्या डब्यावर एक चिठ्ठी होती. अक्षर तुमचं नव्हतं, शेजारच्या वर्षालीचं होतं. "काका, राग मानू नका. पेन्युरी म्हणजे मेहनत नाही. पेन्युरी म्हणजे दारिद्र्य, हलाखी. मी दोन डिक्शनऱ्यांत बघितलं." तुम्ही त्याखाली एक अक्षरही लिहिलं नव्हतंत. उडू नये म्हणून वर चमचा ठेवला होतात, एवढंच.

संध्याकाळी मी वर्षालीला गाठलं. अकरावीतली पोर ती, आधी रडवेली झाली. मग तिनं सांगितलं. पाच तारखेला विहारात मुलांचा सत्कार होता. तुम्हाला दोन शब्द बोलायला उभं केलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या पोरीचा फोटो कंपनीनं गेटवर लावलाय. त्यावर लिवलंय, पेन्युरीतून प्रिसिजनकडं. मी जन्मभर पेन्युरी केली. तुमच्या आईबापांनी पेन्युरी केली. पोरांनो, पेन्युरी करायला लाजू नका." मागच्या रांगेतली कॉलेजची मुलं हसली. तुम्हाला हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. तुम्हाला वाटलं ती तुमच्या उच्चाराला हसतायत. म्हणून तुम्ही तो शब्द पुन्हा एकदा, सावकाश, नीट म्हणालात. हे सांगताना वर्षाली माझ्याकडे बघत नव्हती.

तो अर्थ तुम्हाला मी दिला होता.

डिसेंबरातल्या फॅमिली डेला तुम्ही पांढरा शर्ट कडक इस्त्री करून आला होतात. चाकणला गेटवर कंपनीची बस थांबली आणि समोर तो बोर्ड. हेल्मेट घातलेली मी, हातात मायक्रोमीटर, आणि वर इंग्रजीत एवढ्या मोठ्या अक्षरांत 'फ्रॉम पेन्युरी टू प्रिसिजन'. प्रिसिजन म्हणजे अचूकता हे तुम्हाला ठाऊक होतं, निम्म्या मशिनींवर तो शब्द असतो. पहिला शब्द तुम्ही ओठांत जुळवून पाहिलात आणि माझ्याकडे वळलात. माझ्या मागं आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटची सगळी माणसं उभी होती. मी वहीवर लिहिलं, 'मेहनत'. तुम्ही हसलात. मग बोर्डासमोर उभं राहून फोटो काढायला लावलात, एक नाही, चार.

मला वाटलं होतं, एका दिवसाचा प्रश्न आहे. तुम्ही तो शब्द घरी घेऊन जाल असं वाटलं नव्हतं.

शब्द जाहिरातवाल्यांनी निवडला. कंपनीच्या ज्या फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर माझा डिप्लोमा झाला, त्या फाउंडेशनला पंधरा वर्षं झाली म्हणून हा सगळा थाट. बोर्ड लावण्याआधी मला दाखवलाही नव्हता. चूक माझी एवढीच की अर्थ खोटा सांगितला. ती मी कबूल करते.

पण मी हात बांधून बसणार नाही. मंगळवारी फाउंडेशनचं काम बघणाऱ्या रविराज सरांना भेटते आणि बोर्ड काढायला लावते. तो उतरला की कळवते. मग या.

मफलर पाठवत नाही.

तुमची लाडकी,
आम्रू


पिंपरी
रविवार, २६ जानेवारी २०२५

आदरणीय पप्पा,

जय भीम.

तुमचं कार्ड पोचलं. मम्मीनं ते फ्रिजवर चिकटवलंय, कारण त्यात तिच्या गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते आहे. खालच्या ओळी तिनं वाचल्या की नाही माहीत नाही. मी येता-जाता वाचते. "जाहिरातवाला आपल्या घरी कधी आला न्हाई. मग आपलं घर कसं होतं हे त्याला कोणी सांगितलं? तेवढं लिहून कळव."

तुमचे जुने मित्र सांगतात, तडा गेलेला पार्ट तुम्ही नुसता हातात घेऊन बाजूला काढायचात, तपासणीला जायच्या आधी. माझं मागचं पत्रही तुम्ही तसंच हातात घेतलं असणार.

तेवढं लिहायला मला आठ दिवस लागले.

ठरल्याप्रमाणे मंगळवारी मी रविराज सरांकडे गेले. माणूस वाईट नाही. चहा मागवला, बसवलं. मी म्हटलं, बोर्डावरचा शब्द माझ्या घरच्यांना लागलाय, तो काढा. ते म्हणाले, यात कमीपणा कुठं आहे, उलट केवढा मोठा प्रवास दिसतो. मी म्हटलं, पण आम्ही पेन्युरीत होतो हे तुम्हाला कोणी सांगितलं. हे विचारताना माझा आवाज चढला होता. त्यांचा चढला नाही. त्यांनी कपाटातून एक फाईल काढली आणि माझ्यासमोर उघडली.

२०१३ चा माझा अर्ज. दोन वेण्यांचा फोटो. मागं जोडलेला इंग्रजी निबंध, निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात. पहिल्या ओळीवर कोणीतरी पिवळा मार्कर फिरवलेला. आय वॉज बॉर्न इन पेन्युरी.

"हे तूच लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि उठून आले. बोर्डाचं नावही पुन्हा काढलं नाही.

तर पप्पा, जाहिरातवाल्याला मी सांगितलं. बारा वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. मागच्या पत्रात मी लिहिलं की शब्द त्यांनी निवडला. ते लिहितानाच मला माहीत होतं की तो माझा आहे. बोर्ड पहिल्यांदा बघितला तेव्हाच मी तो ओळखला होता.

ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. भोसरीचं तुमचं युनिट बंद पडलं आणि पंधरा दिवसांच्या आत तुम्ही तळवड्याच्या एका गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिलात. तीस वर्षं कारागीर असलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला लागला. घरी त्याबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. आमची शाळा चुकली नाही, डबा चुकला नाही. त्याच महिन्यात तुम्ही माझ्यासाठी ती जाडी डिक्शनरी आणलीत, कोणाची तरी वापरलेली, पण कव्हर घालून. म्हणालात, शब्द अडला की अंदाज करायचा नाही, उघडून बघायचं.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला क्लासचे सर मदत करत होते. माझा पहिला निबंध वाचून ते म्हणाले, यात काही दम नाही. पुअर तर सगळेच लिहितात. असा शब्द घाल की वाचणारा थांबला पाहिजे. मी घरी येऊन तुमची डिक्शनरी उघडली आणि पुअरपेक्षा वजनदार शब्द शोधत बसले. सापडला. मग त्या शब्दाला शोभेल असं घर मला लिहावं लागलं. मी लिहिलं, माझे वडील बेकार आहेत. मी लिहिलं, कित्येकदा आम्ही काही न खाता झोपतो.

आपण एकदाही उपाशी झोपलो नाही, पप्पा. मी आठवून आठवून बघितलं. एकदाही नाही.

परवा मी वाचनालयात जाऊन तिथला मोठा कोश काढला. तुम्हाला शब्दाचं मूळ कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून लिहून आणलंय. पेन्युरी हा शब्द लॅटिनमधून आला. तिकडे पेनुरिया म्हणजे उणीव, टंचाई. त्याच्याही मागं पेने नावाचा शब्द असावा असं म्हणतात. खात्री नाही, असंही कोशातच लिहिलंय. पेने म्हणजे जवळजवळ. पेनिन्सुला त्यातूनच आलाय, जवळजवळ बेट. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं द्वीपकल्प. म्हणजे आपल्याकडंही तो 'कल्प' तेच काम करतो.

मी तिथं टेबलाशी बसून विचार केला की हे तेवढं खरं आहे. त्या वर्षी आपण जवळजवळ तिथं पोचलो होतो. जवळजवळच राहिलो, कारण मधे तुम्ही उभे होतात. आणि मी निबंधातून नेमकं तुम्हालाच काढून टाकलं. तुम्ही तिथं असतात तर तो शब्द लागू पडला नसता.

त्याच शब्दाला पुढं एक पिल्लू झालंय, पेन्युरियस. त्याचे दोन अर्थ दिलेत. एक अगदी गरीब. दुसरा कंजूष, असून न देणारा. बाई वाचनालय बंद करायला आल्या तोवर मी तेच पान उघडून बसले होते.

आणखी एक. घरात डिक्शनरी असूनही फॅमिली डेनंतर तुम्ही ती उघडली नाहीत. मी सांगितलं म्हणजे बघायची गरज नाही, असं तुम्हाला वाटलं. मला सगळ्यात जास्त हे टोचतं.

रविराज सरांकडे मी पुन्हा जाणार आहे. या वेळी खरं लिहून नेते. निबंध खोटा होता हे सांगितल्याशिवाय बोर्ड खोटा आहे हे मला सांगता येणार नाही. अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलंय की खोटी माहिती आढळल्यास कारवाई होईल. मी ते आत्ता वाचलं, सोळाव्या वर्षी वाचलं नव्हतं. व्हायची ती होऊ दे. सनी म्हणतो वेडी आहेस, एप्रिलमध्ये जर्मनीच्या ट्रेनिंगला तुझं नाव आहे, तोवर तरी थांब. मी नाही थांबणार. एप्रिलनंतर आणखी काहीतरी असेल आणि मग मी कधीच जाणार नाही.

मफलर सोबत पाठवतेय. थंडीत तो अडवून ठेवायचा मला अधिकार नव्हता.

तुमची,
आम्रपाली


पिंपरी
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय पप्पा,

जय भीम.

तुमचं उत्तर नाही. आत्याच्या सुनेनं सनीला सांगितलं की पत्र मिळालं, दोनदा वाचून तुम्ही ते खिशात ठेवलं आणि शेताकडे गेलात. तेवढ्यावर मी लिहितेय.

आधी कंपनीचं. ३ तारखेला मी एक पानाचा अर्ज लिहून रविराज सरांना दिला. त्यात लिहिलं की २०१३ च्या माझ्या निबंधात माझ्या घराबद्दल आणि वडिलांबद्दल खोटं लिहिलं होतं. माझे वडील त्या काळात नोकरी करत होते आणि घरात कोणी उपाशी राहत नव्हतं. शिष्यवृत्तीची गरज होती, ती खरी होती. पण गेटवरचं वाक्य माझ्याबद्दल खरं नाही, ते काढावं.

सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, हे दिलं नसतंस तरी चाललं असतं, मी नुसता फोटो बदलला असता. मी म्हटलं, फाईलला लावा. त्यांनी लावलं.

पाच दिवसांनी कळलं की ते खरंच फोटो बदलणार आहेत. बोर्ड तोच, वाक्य तेच, माझ्या जागी असेंब्ली लाइनवरची करिष्मा. बीडकडची मुलगी. आईवडील ऊसतोडीला जायचे, ही आजीकडे राहून शिकली आणि आमच्याच फाउंडेशनमधून आली. तिचा फोटो काढूनही झाला होता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कँटीनमध्ये मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, फोटोवर काय लिहिणार आहेत माहीत आहे का. ती म्हणाली, गरिबीचंच काहीतरी असेल ताई, इंग्रजी कोण वाचतंय. मी तिला अर्थ सांगितला. या वेळी खरा. मला वाटलं ती चिडेल. ती शांतपणे भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "आम्ही खरंच उपाशी राहिलोय. मला त्याची लाज नाही. पण लिहायचं तर मराठीत लिहा म्हणावं. माझी आई गेटवर आली तर तिला वाचता आलं पाहिजे, आपल्याबद्दल काय लिहिलंय ते."

पप्पा, बारा वर्षं शिकून, कोश चाळून मला जे सुचलं नाही ते तिनं दोन घासांच्या मधे सांगितलं.

आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. बोलणं करिष्मानंच सुरू केलं. सर म्हणाले, मराठीतही करू की, पुढच्या वेळी. तेव्हा मी विचारलं, "सर, हाच शब्द मराठीत गेटवर लावाल? करिष्माच्या फोटोवर, हलाखीतून अचूकतेकडे, असं?"

ते म्हणाले, "मराठीत ते बरं दिसणार नाही."

"का?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. म्हणाले, "कारण सगळ्यांना वाचता येईल."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी फोन उचलला आणि आमच्यासमोरच जाहिरातवाल्यांना सांगितलं की छपाई थांबवा. माझा बोर्ड १२ तारखेला उतरला. मी तेव्हा कामावर होते, उतरताना बघितला नाही. बाहेर आले तेव्हा नुसता सांगाडा होता. आता तिथं एका गिअरचा फोटो लागलाय, खाली काहीच लिहिलेलं नाही. करिष्मा म्हणते, गिअरला काय, त्याला घर नाही.

माझ्यावर कारवाई झाली. फार नाही. फाईलमध्ये ताकीद लागली आणि जर्मनीच्या यादीतून नाव गेलं. माझ्या जागी जो जाणार आहे तो चांगला मुलगा आहे, काम शिकून येईल. वाईट वाटलं. मम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुझ्या बापाला हे कळलं तर जेवणार नाही. मी म्हटलं, कळवणारच आहे. नोकरी आहे. लपवून ठेवायला आता काही नाही, आणि याची मला सवय व्हायची आहे.

आता विहाराचं. आज सकाळी वंदनेनंतर मी अध्यक्षांकडे पाच मिनिटं मागितली. त्या दिवशी तुम्ही उभे होतात त्याच जागी मी उभी राहिले. कॉलेजची मुलं तशीच मागच्या रांगेत होती. मी सांगितलं की पेन्युरीचा अर्थ माझ्या वडिलांना मी खोटा सांगितला. त्यांना येत नव्हतं म्हणून ते चुकले नाहीत, मुलीवर विश्वास ठेवला म्हणून चुकले. मग शब्दाचा खरा अर्थ सांगितला, कुठून आला तेही सांगितलं. आणि म्हटलं की त्या दिवशी ते जे बोलले त्यातलं शब्दाचं ओझं काढून टाका आणि पुन्हा ऐका. मी जन्मभर मेहनत केली, तुमच्या आईबापांनी मेहनत केली, मेहनत करायला लाजू नका. यात हसण्यासारखं काय आहे ते कोणीतरी उठून सांगा.

कोणी उठलं नाही. बाहेर चपला घालताना मागच्या रांगेतला एक मुलगा जवळ आला आणि काका कधी येणार असं त्यानं विचारलं. वर्षाली लांब उभी होती. मी तिला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हिनं चिठ्ठी लिहिली ते बरोबर केलं. तुम्ही आल्यावर तुम्हीही तिला तसं म्हणा. ती अजून स्वतःला दोषी समजते.

एवढं सगळं लिहून मी हात धुऊन आले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. कारण एक गोष्ट राहिलीय आणि दोन पत्रांत मी ती टाळलीय.

माझ्या निबंधाच्या मी तुम्हाला दोन ओळी सांगितल्या. बेकार आणि उपाशी. तिसरी एक होती. माय फादर इज इल्लिटरेट. माझे वडील निरक्षर आहेत.

क्लासच्या सरांनी ती सुचवली नव्हती. ती मी स्वतःहून घातली. पान भरत नव्हतं म्हणून.

त्याच पानाच्या तळाशी पालकाची सही आहे. तुमची. पूर्ण नाव, इंग्रजीत, एका रेषेत, खाली तारीख. फाउंडेशनमध्ये इतक्या लोकांनी ते पान वाचलं, मार्कर फिरवला, आणि निरक्षर माणसानं अशी सही कशी केली हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही. सही करायच्या आधी तुम्ही मला विचारलं होतंत की यात काय लिहिलंय. इंग्रजी तुम्ही एकेक शब्द लावून वाचायचात आणि तुम्हाला ड्युटीवर जायची घाई होती. मी सांगितलं, माझ्या वडिलांनी मला शब्द उघडून बघायला शिकवलं, असं लिहिलंय. तुमचा चेहरा फुलला. तुम्ही पेन दोनदा झटकून सही केलीत.

म्हणजे 'मेहनत' हा माझा पहिला खोटा अर्थ नव्हता.

रविराज सरांकडून मी त्या पानाची झेरॉक्स घेतली. सोबत जोडलीय. प्रत्येक इंग्रजी ओळीखाली मी तिचा मराठी अर्थ लिहिलाय, जसाच्या तसा, काही मऊ न करता. तुम्हाला तो कोणाला विचारावा लागू नये. त्याच्या पाठीमागं मी तो निबंध पुन्हा लिहिलाय, मराठीत. त्यात तुम्ही आहात. भोसरीचं युनिट आहे, तळवड्याचं गेट आहे, आणि गाड्यांचे नंबर लिहायच्या वहीच्या मागच्या पानांवर तुम्ही उतरवून घेतलेले शब्द आहेत. ती वही मम्मीनं जपून ठेवलीय हे मला या महिन्यातच कळलं.

तुम्ही माफ करावं असं मी लिहीत नाही. वाचावं, एवढंच लिहिते.

येत्या रविवारी, २३ तारखेला, सकाळच्या गाडीनं मी परतूरला येतेय. तुम्हाला न्यायला नाही. तुम्हाला यायचं तेव्हा या, नाही यायचं तर राहा. जे कागदावर लिहिलंय ते समोर बसून बोलायचं आहे. तुम्हाला ऐकू येईपर्यंत बोलीन. आत्याला सांगा, माझ्यासाठी काही वेगळं करू नको.

भीमराज खरात, शिक्षण सातवी, मराठी व इंग्रजी वाचू-लिहू शकतात,
यांची मुलगी

आम्रपाली